गोष्ट वाचून झाली, आता पाना दे

पालकहो,

बालवाचनालयाच्या टेबलापाशी तुमचं-माझं बोलणं होतं ते सगळं घाईघाईचं. हातात गाडीची किल्ली, खांद्यावर मुलाचं दप्तर, आणि "मॅडम, याला काहीतरी साहसाचं द्या हो, सारखा मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो," एवढं सांगून तुम्ही दाराकडे वळता. मी पुस्तक काढून देते. मुलगा ते वाचतो, पुष्कळदा एका बैठकीत वाचतो, आणि मिटून ठेवलं की पुन्हा मोबाइल उचलतो. पुढच्या खेपेला तुमच्या कपाळावरची आठी सांगते की मात्रा लागू पडली नाही. म्हणून आज जरा निवांत बोलू या.

माझं म्हणणं थोडक्यात असं. साहसाची गोष्ट नुसती वाचायला दिली तर ती करमणुकीच्या रांगेत जाऊन उभी राहते, आणि त्या रांगेत मोबाइल तिला केव्हाही मागे टाकणार. गोष्टीपाठोपाठ हाताला काम मिळालं तर मात्र ती अंगात मुरते. ही युक्ती माझी नव्हे. इंग्लंडातल्या मुलांच्या जुन्या साप्ताहिकांनी ती जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी वापरली. त्यांना ती कशी साधली आणि त्यांचं कुठे चुकलं, दोन्ही आपण आई-बापांनी बघण्यासारखं आहे.

लंडनमध्ये 18 जानेवारी 1879 रोजी 'बॉईज ओन पेपर' हे साप्ताहिक निघालं. किंमत एक पेनी. काढणारी संस्था रिलिजस ट्रॅक्ट सोसायटी, म्हणजे धर्मोपदेशाच्या पुस्तिका छापून वाटणारी मंडळी. त्यांचं दुखणं तुमच्यासारखंच होतं. त्या काळची पोरं 'पेनी ड्रेडफुल' म्हणून ओळखली जाणारी खून-दरोड्यांची स्वस्त चोपडी वाचत, आणि थोरामोठ्यांना वाटे की पिढी वाया चालली. त्यावर उतारा म्हणून हे साप्ताहिक. संस्थेतल्या वडीलधाऱ्यांना अंकात उपदेश भरपूर हवा होता. प्रत्यक्ष संपादन बघणाऱ्या जॉर्ज हचिसनला मात्र मुलं ठाऊक होती. उपदेशाचा वास आला की ती पेनी दुसऱ्या दुकानात जाणार, हे तो ओळखून होता. त्याने पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर छापली फुटबॉलच्या सामन्याची हकिकत, तीही शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्याच्या तोंडून सांगितलेली. त्याच अंकात कॅप्टन मॅथ्यू वेबचा लेख होता, इंग्लिश खाडी आपण पोहून कशी ओलांडली याचा. वेब 1875 मध्ये डोव्हरला पाण्यात उतरला आणि पावणेबावीस तासांनी पलीकडे कॅलेला लागला. हे त्याने केलं तेव्हा सगळं इंग्लंड त्याच्या नावाने वेडं झालं होतं. असा माणूस स्वतः मुलांना सांगतोय म्हटल्यावर कुठल्या पोराने अंक खाली ठेवला असता?

पण खरी गंमत गोष्टींनंतरच्या पानांत होती. कबुतरं कशी पाळावीत, सशाचं खुराडं कसं बांधावं, पतंगाला शेपूट किती लांब ठेवावी, छोटी होडी घरी कशी तयार करावी, कॅमेऱ्याच्या काचा कशा धुवाव्यात. मापं, खिळे, लाकडाची जात, सगळं सविस्तर. ही पानं तुम्हा-आम्हाला उद्देशून लिहिलेली नव्हती. "पालकांच्या देखरेखीखाली करा" असं कुठे कोपऱ्यात छापायची तेव्हा रीतच नव्हती. लिहिणारा थेट मुलाशी बोले, आणि मुलाच्या हातात करवत असणार हे गृहीत धरूनच बोले.

आणखी एक सदर होतं, वाचकांच्या पत्रांना उत्तरांचं. त्यात प्रश्न छापत नसत, नुसती उत्तरं. आज ते वाचताना मोठी मौज वाटते. उत्तरावरून पोराने काय विचारलं असेल ते आपण ताडायचं. तब्येतीच्या प्रश्नांचे धनी होते डॉ. गॉर्डन स्टेबल्स, नौदलात नोकरी करून आलेले स्कॉटिश डॉक्टर. बहुतेक गाऱ्हाण्यांवर त्यांचा उतारा ठरलेला: सकाळी थंडगार पाण्याने आंघोळ, मोकळी हवा आणि व्यायाम. आपल्याकडच्या जुन्या वळणाच्या आजोबांशी त्यांचं छान जमलं असतं! पण हे गृहस्थ लिहीत तसे जगत. 1885 मध्ये त्यांनी ब्रिस्टॉलच्या कारखान्यात घोड्यांनी ओढायची राहती गाडी बांधून घेतली, तिचं नाव ठेवलं 'वाँडरर', आणि त्या गाडीतून ते दक्षिण इंग्लंडहून निघून थेट स्कॉटलंडपर्यंत भटकून आले. सोबत हरिकेन बॉब नावाचा थोराड कुत्रा. गाडी अवाढव्य, रस्ते अरुंद, म्हणून नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का ते बघायचा. बाहेर पडा म्हणून पोरांना सांगणारा माणूस स्वतः रस्त्यावर होता.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो इथे तुमच्या-माझ्या अंगावर येतो. त्या लेखकांपैकी आर. एम. बॅलंटाइनची हकिकत ऐका. हा माणूस सोळाव्या वर्षी घर सोडून हडसन्स बे कंपनीचा कारकून म्हणून कॅनडात गेला, तिथल्या बर्फात काही वर्षं काढून आला आणि पुढे मुलांसाठी लिहू लागला. 1857 मध्ये त्याचं 'द कोरल आयलंड' आलं आणि गाजलं. तीन मुलं दक्षिण समुद्रातल्या एका बेटावर अडकतात, त्याची गोष्ट. दक्षिण समुद्र त्याने पाहिलेला नव्हता. त्यामुळे झालं काय, की त्याच्या बेटावरच्या माडांना इंग्लंडच्या दुकानात मिळतात तसे सोललेले नारळ लागले, आणि पोरं चाकूने भोक पाडून पाणी प्यायली. रत्नागिरीचं किंवा पेडण्याचं चार वर्षांचं पोरही हसलं असतं! चूक लक्षात आल्यावर बॅलंटाइन मनातून खजील झाला, आणि त्याने ठरवलं की यापुढे शक्यतो पाहिल्या-केल्याशिवाय लिहायचं नाही. दीपगृहावर कादंबरी लिहायची होती तेव्हा तो स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यापुढच्या बेल रॉकवर, भर समुद्रातल्या खडकावर, दिवा राखणाऱ्यांबरोबर जाऊन राहिला. आगीच्या बंबावर लिहायचं होतं तेव्हा लंडनच्या बंबवाल्यांबरोबर आगी विझवायला गेला. 'बॉईज ओन पेपर'मध्ये पुढे त्याच्या गोष्टी येत राहिल्या.

आता बेल रॉकचा विषय निघालाच आहे तर त्या दीपगृहाच्या घराण्याबद्दलही सांगते, कारण त्यात प्रत्येक बापाने ऐकावं असं काही आहे. ते दीपगृह बांधणारा अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सन. त्याचा नातू रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. 1881 च्या उन्हाळ्यात हा नातू स्कॉटलंडात ब्रेमार या गावी कुटुंबासह सुट्टीला गेला होता. पाऊस काही थांबेना. बारा-तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉईड घरात कंटाळून रंगपेटी घेऊन बसलेला. बापही त्याच्याबरोबर चित्रं काढू लागला, आणि त्या चित्रांत एका बेटाचा नकाशा तयार झाला. बंदरं, टेकड्या, पुरलेला खजिना. नकाशा बघता बघता माणसं सुचली, आणि रोज एक प्रकरण लिहून घरच्यांना वाचून दाखवायचा क्रम सुरू झाला. स्टीव्हन्सनचे म्हातारे वडील थॉमस, तेही दीपगृहांचेच अभियंते, इतके रंगले की गोष्टीतल्या म्हाताऱ्या खलाशाच्या पेटीत काय काय सापडलं याची यादी त्यांनी स्वतः करून दिली. ही 'ट्रेझर आयलंड'. ती पुस्तकाआधी 'यंग फोक्स' या मुलांच्या साप्ताहिकात 1881-82 मध्ये क्रमशः आली, 'कॅप्टन जॉर्ज नॉर्थ' या टोपणनावाने. पुस्तक निघायच्या वेळी मूळ नकाशा प्रकाशकाकडे जाताना गहाळ झाला आणि बिचाऱ्याला गोष्ट वाचून वाचून तो पुन्हा आखावा लागला.

आपल्याकडे पावसाचं काय, जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा तेवढा. त्यातला एखादा रविवार नकाशाला देता येईल का? खजिन्याचा नको असेल तर आपल्या सोसायटीचा, वाडीचा, आळीचा. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता, वाटेतलं पिंपळाचं झाड, पिठाची गिरणी, कुत्रा अंगावर येतो ती जागा. पावलांनी अंतर मोजून. मुलगा मोजेल, तुम्ही लिहा. पाचवी-सहावीतल्या मुलाला भूगोलाच्या पुस्तकातलं प्रमाण कळत नाही अशी तुमची तक्रार असते; शंभर पावलं म्हणजे कागदावर एक बोट, हे त्याला तासाभरात कळेल.

गोष्टीतून खेळ कसा निघतो याचं एक नमुनेदार उदाहरण आपल्याच देशातलं आहे. रुडयार्ड किपलिंग 1865 मध्ये मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मला. त्याची 'किम' ही कादंबरी 1901 ची. त्यात लाहोरचा एक पोर हेरगिरी शिकायला सिमल्याच्या एका जवाहिऱ्याकडे जातो. जवाहिरा ताटात रत्नं मांडतो, थोडा वेळ बघू देतो, झाकतो आणि विचारतो, काय काय होतं? स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने 1908 मध्ये 'स्काउटिंग फॉर बॉईज' पंधरा-पंधरा दिवसांनी सहा भागांत काढलं, प्रत्येकी चार पेन्स, म्हणजे एखाद्या मासिकासारखंच. त्यात त्याने किमची गोष्ट थोडक्यात सांगितली आणि त्या ताटाचा खेळ करून टाकला. जगभरची स्काउट मुलं तो आजही खेळतात. तुम्ही घरी खेळा. परात घ्या. त्यात सुई, दोन रुपयांचं नाणं, लसणाची पाकळी, शर्टाचं बटण, जुनी किल्ली, वेलदोडा, पेनचं टोपण, असे वीसेक जिन्नस मांडा. एक मिनिट बघायचं, पंचा टाकायचा, कागदावर लिहायचं. दुसऱ्या फेरीत प्रश्न कडक करा: नाण्याचा छापा वर होता की काटा? बटणाला भोकं किती? मुलं पटकन तरबेज होतात, मोठी माणसं सहसा मागे पडतात, आणि आपण बाबांना हरवलं हा आनंद फुकटात मिळतो.

याच बेडन-पॉवेलने आधीच्या वर्षी, ऑगस्ट 1907 मध्ये, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांची छावणी भरवली होती. काही मुलं महागड्या शाळांतली, काही कामगारांच्या घरची, मुद्दाम मिसळलेली. त्यांच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीवर एक मुलगाच नायक नेमला. तंबू नीट ठोकला का, जेवण शिजलं का, सगळे जागेवर आहेत का, याचा जाब त्या नायकाला. आपण मुलांना काम सांगतो तेव्हा मागे उभं राहून सूचना देत राहतो. "अरे असं नाही, आण इकडे." त्या छावणीचं बळ नायकाच्या हातून काम काढून न घेण्यात होतं.

हे सगळं सांगताना एक गोष्ट दडवणं बरं नव्हे. ही साप्ताहिकं साम्राज्याची लेकरं होती. त्यांतला शूर मुलगा गोरा, आणि काळा-सावळा माणूस एकतर दुष्ट, नाहीतर विनोदी, नाहीतर इमानी नोकर. 1908 साली निघालेल्या 'मॅग्नेट' साप्ताहिकात ग्रेफ्रायर्स नावाच्या काल्पनिक शाळेच्या गोष्टी येत. त्यात एक भारतीय मुलगा होता, भानिपूरचा नबाब हरी जमसेट रामसिंग. नावातच तीन धर्मांची भेळ! क्रिकेट चांगलं खेळायचा, मित्रांना जीव लावायचा, पण त्याचं इंग्रजी हसू यावं म्हणून मुद्दाम वेडंवाकडं लिहिलेलं. जॉर्ज ऑर्वेलने 1940 मध्ये या साप्ताहिकांवर एक खरमरीत निबंध लिहिला आणि त्यांचं जग 1910 मध्येच गोठून बसलंय, परदेशी माणसांची त्यांत टिंगल चालते, हे उघड केलं. स्काउटिंगचं तेच. हिंदुस्थानात ती चळवळ 1909 मध्येच आली, पण गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती. हिंदी मुलांना दार बंद. मग ॲनी बेझंट आणि मदनमोहन मालवीय यांच्यासारख्यांनी आपल्या मुलांसाठी वेगळ्या संघटना उभ्या केल्या, आणि स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये भारत स्काउट्स अँड गाइड्स झालं. तेव्हा जुनं पुस्तक मुलाच्या हाती आलंच तर ते काढून घेऊ नका. एवढंच विचारा, यात आपल्यासारखा दिसणारा मुलगा कुठे आहे आणि त्याला काय काम दिलंय? मुलं हे फार झटकन पकडतात.

पक्ष्यांची अंडी जमवायचा छंदही त्या काळी सर्रास होता. तो आता सोडूनच द्यायचा. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांची घरटी मोडणं, अंडी काढणं गुन्हा ठरतं, आणि कायदा नसता तरी ते करू नये.

मुलींच्या आई-बाबांनो, तुम्ही "हिच्यासाठी काहीतरी गोड गोष्टी द्या" म्हणता तेव्हा मला 1909 चा क्रिस्टल पॅलेस आठवतो. लंडनला स्काउटांचा पहिला मोठा मेळावा होता, हजारो मुलगे जमलेले. त्यांत काही मुली स्काउटांसारख्याच टोप्या घालून, कुणी न बोलावता हजर झाल्या आणि बेडन-पॉवेलला म्हणाल्या, आम्हालाही यायचंय. पुढल्याच वर्षी गर्ल गाइड्स सुरू झालं. तुमच्या मुलीला काय हवंय ते आधी तिला विचारा. आमच्याकडे भुताच्या आणि जहाजबुडीच्या पुस्तकांची वाट बघणाऱ्या मुलींची यादी मुलग्यांपेक्षा लांब असते.

साहसाच्या गोष्टींची ही परंपरा मराठीत रुजवणाऱ्यांतलं एक नाव भा. रा. भागवत. 1951 मध्ये त्यांनी 'बालमित्र' मासिक सुरू केलं. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या 'बॉईज ओन पेपर'नेही छापल्या होत्या. त्याच व्हर्नला भागवतांनी 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशा नावांनी मराठी मुलांच्या घरी आणून बसवलं. पण त्यांचा खरा पराक्रम म्हणजे बनेश फेणे. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, किडकिडीत अंगाचा, 'ट्टॉक्' असा आवाज काढणारा, सायकल हाणत सुटणारा फास्टर फेणे. कसली जादू नाही, श्रीमंती नाही, अंगात बळ बेताचंच. नजर तीक्ष्ण, पाय चपळ आणि सायकल जवळ. परदेशी बेटावरच्या नायकापेक्षा हा आपल्या मुलाला दहापट उपयोगाचा, कारण त्याच्याकडे आहे ते सगळं आपल्या मुलाकडेही असतं.

म्हणून माझं सांगणं, फेणे वाचून झाला की त्याच आठवड्यात सायकलचं पंक्चर मुलाला काढायला लावा. दुकानात नेऊन नव्हे, घरी. सामान शंभर-दोनशे रुपयांत येतं: पाना, टायर उचकटायच्या पट्ट्या, पॉलिश पेपर, सोल्युशनची ट्यूब आणि पॅच. चाक काढायचं. टायर एका बाजूने उचकटून ट्यूब बाहेर ओढायची, हवा भरायची आणि पाण्याच्या घमेल्यात थोडी थोडी बुडवत फिरवायची. कुठेतरी बारीक बुडबुड्यांची रांग वर येते. तिथे पेनने खूण. ट्यूब कोरडी करायची, खुणेभोवती पॉलिश पेपरने घासायचं, सोल्युशन पातळ पसरायचं आणि मग थांबायचं. इथेच पोरं घाई करतात. ओल्या सोल्युशनवर पॅच धरत नाही. बोट लावल्यावर चिकट लागेल पण बोटाला येणार नाही, इतपत वाळू द्यायचं. पॅच दाबायचा. आता सगळ्यात महत्त्वाचं, जे पंक्चरवाले न चुकता करतात आणि नवशिके विसरतात: टायरच्या आतून बोटं जपून फिरवून बाभळीचा काटा, खिळा, काच शोधायची. काटा तसाच राहिला तर नवी ट्यूबही पहिल्या वळणावर बसते. हे सगळं पहिल्यांदा करायला तास-दीड तास जातो, हात काळे होतात, गॅलरीत पाणी सांडतं. सांडू द्या. पहिला पॅच बहुधा निघून येतो. येऊ द्या. तुम्ही बाजूला चहा घेत बसा, आणि विचारल्याशिवाय बोलू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, मला कल्पना आहे.

भीती वाटते, हे तुम्ही दर वेळी सांगता, आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मघाशी ज्या वेबचं कौतुक केलं तोच वेब 1883 मध्ये नायगाराच्या धबधब्याखालच्या खळाळत्या भोवऱ्यांतून पोहून जाण्याची पैज घेऊन उतरला, पैशांची गरज होती म्हणून, आणि तिथेच संपला. खाडी पोहताना त्याच्यामागे सराव होता, सोबत होडी होती, भरती-ओहोटीचा अंदाज होता. नायगाराला होती ती बघ्यांची गर्दी. पावसाळ्यात धबधब्याखाली, गडाच्या कड्यावर सेल्फी काढताना जे अपघात आपण दर वर्षी वाचतो ते बहुतेक या दुसऱ्या जातीचे असतात. मुलाला वेबच्या दोन्ही हकिकती सांगा.

आणि घराबाहेर पाठवायचं तर तयारीनिशी. सह्याद्रीत नवख्याने भर पावसात जायचं नाही. शेवाळलेल्या कातळावर चांगल्या बुटांचाही भरवसा नसतो. गडावर आग्या मोहोळं असतात, तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको. पोहता येत नाही तोवर तळ्यात पाय सोडून बसायचं तेवढंच. कुठे जातोय, कोणाबरोबर, कितीला परत, हे घरी कागदावर लिहून ठेवायचं, आणि ते मुलानेच लिहायचं. गटाबरोबर पाठवणार असाल तर नेणाऱ्याला विचारा, प्रथमोपचाराचं सामान कोणाकडे असतं आणि उतरताना मुलं कोण मोजतं. उत्तर द्यायला तो अडखळला तर पैसे भरू नका.

मोठ्या शहरात जागा नाही, वेळ नाही, हेही कळतं. पण मी सांगितलेल्यांपैकी नकाशाला, परातीच्या खेळाला, पंक्चरला डोंगर लागत नाही. यंदाच्या सुट्टीत आमच्या वाचनालयातून साहसाचं पुस्तक न्याल तेव्हा मी आत एक चिठ्ठी घालणार आहे: गोष्ट वाचून झाल्यावर यातलं काय करून बघितलं? उत्तर मुलाच्या अक्षरात हवं, तुमच्या नव्हे.

आणि पुस्तक विकत घ्यायचं नसेल तर तेही अडत नाही. बालभारतीने 1971 मध्ये सुरू केलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. या शनिवारी एक अंक मुलासोबत उघडा, हाताने करून बघण्यासारखं एक पान त्यालाच निवडू द्या, आणि लागेल ते सामान त्याच संध्याकाळी आणून द्या.